दूध पुरते ना वं?

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा नियम. माझं माहेर अमरावतीचं आणि सासर अकोल्याचं, त्यामुळे माझ्या लेकीला दूध पाजण्याच्या प्रश्नावर दोन जिल्ह्यांचा संयुक्त अधिकार होता. त्यात मी नेमकी कोण, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. बहुधा पुरवठा विभाग.

गरोदरपणात मला भीती घालायला माणसं कमी नव्हती. कळा कशा येतात, टाके कसे ओढतात, कोणाच्या नणंदेचं काय झालं, हे सगळं मला साग्रसंगीत ऐकवलं गेलं. पाजण्याविषयी मात्र सगळ्यांचं मिळून एकच वाक्य होतं : "थे तं आपोआप जमते वं." बाईमाणसाला भाकर थापणं जमतं, तसंच हेही. भाकर निदान पहिली फसली तर कुत्र्याला घालता येते. इथे पहिल्याच घासाला गिऱ्हाईक समोर तोंड वासून बसलेलं, आणि मागे नऊ बायका निकाल ऐकायला उभ्या.

'आपोआप' या गोष्टीवर सरकारचाही फारसा विश्वास नसावा, असे आकडे आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २१ या काळात झाली. तिच्यानुसार देशात शंभरातली जवळजवळ ८९ बाळंतपणं दवाखान्यात होतात. पण जन्मल्यापासून तासाभरात आईचं दूध मिळतं ते शंभरातल्या ४२ बाळांनाच. उरलेल्यांतल्या बहुतेकांच्या वेळी डॉक्टर होते, नर्स होत्या, आई तर होतीच होती. मग अडलं कुठे? कुठे पेढे आणायला माणूस गेलेला असतो. कुठे फोटो चाललेले असतात. कुठे मोठी आत्या मूर्तिजापूरवरून निघालेली असते आणि सोन्याच्या अंगठीने मध चाटवण्याचा मान तिचा असतो. वर्षाच्या आत बाळाला मध देऊच नये असं डॉक्टर सांगतात, पण आत्याला ते कोण सांगणार? डॉक्टर घरी जातात, आत्या राहते.

पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक. घट्ट, पिवळसर, थेंबाथेंबाने येणारा. रोगांशी लढायची शिदोरी बाळाला त्यातून मिळते, म्हणून त्याला बाळाची पहिली लस म्हणतात. वऱ्हाडी माणसाला खरं तर चिकाची महती सांगायला नको. गल्लीत कोणाची म्हैस व्याली की चीक कोणाकडे किती गेला, यावरून वर्षवर्ष अबोले चालतात. वेलदोडा घातलेल्या चिकाच्या वड्या बशीतून येतात आणि ती बशी रिकामी परत करायची नसते. हाच चीक बाईचा असला की मात्र आजीच्या काळात पिळून टाकायचे. "पिवयं दूध बाधते लेकराले," आजी म्हणाली. म्हशीचं पिवळं दूध अख्ख्या गल्लीला पचतं आणि आईचं पिवळं दूध तिच्याच लेकराला बाधतं! मी हा मुद्दा मांडला, तेव्हा आजीने हुकमाचं पान टाकलं : "आमच्या येळी तीन दिवस गुयाचं पाणीच देत. मंग आम्ही नाई वाढलो का?" या प्रश्नाला जगातल्या कोणत्याही वैद्यकशास्त्राकडे उत्तर नाही. समोर नव्वदीची बाई खणखणीत आवाजात बोलत असते.

चीक थोडाच येतो, कारण तेवढाच लागतो. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळेला चमचाभर दूध गेलं तरी भागतं. भरभरून दूध उतरतं ते साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात, सिझेरियन असलं तर कधी त्याहूनही उशिरा. इथे मला आमच्या रस्त्याची आठवण होते. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. १०५ तास म्हणजे चार दिवसांच्या वर. शेकडो माणसं, रोलर, डांबराचे ट्रक, दिवसरात्र पाळ्या, आणि एवढं करून लागलेल्या चार दिवसांना विश्वविक्रम म्हणायचं! बाळंतीण एकटी, टाके घेऊन पडलेली, आणि पहिल्याच संध्याकाळी तिला विचारणार, "अजून नाई उतरलं?" त्यात हा रस्ता झाल्यापासून सासरची मंडळी लवकर पोचतात, ही अडचण वेगळीच.

अमरावतीत 'डफरीन' आणि अकोल्यात 'लेडी हार्डिंग' ही बायकांच्या सरकारी दवाखान्यांची नावं आजही लोकांच्या तोंडी आहेत. दोघीही व्हाइसरॉयच्या बायका. मला मात्र ज्या बाईने पाजायला शिकवलं, तिचं नाव कुठल्याही दवाखान्याला मिळायचं नाही. रात्रपाळीची सिस्टर होती, दर्यापूरकडची. तोवर मी पाठीची कमान करून, मान खाली घालून, श्वास रोखून बाळाच्या तोंडाशी जाण्याचा प्रयत्न करत होते. लेक अर्धवट तोंडात धरायची, दोनदा ओढायची, सोडायची आणि आकांत करायची. मला भेगा पडायला लागल्या होत्या.

सिस्टर दारात उभी राहून थोडा वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "बाई, तू काऊन लेकराकडे चालली? लेकराले तुह्याकडे आण ना." तिने माझ्या पाठीमागे उशी खुपसली, खांदे खाली दाबले, बाळाला माझ्याकडे कुशीवर वळवलं. बाळाचं पोट माझ्या पोटाला, कान, खांदा आणि कंबर एका रेषेत. "आता घाई नाई करायची. नाकाजवळ ने, अन् ठहर. आऽ कराची वाट पाय." लेकीने जांभई दिल्यागत मोठं तोंड उघडलं, त्याच क्षणी सिस्टरने तिला पाठीवरून हलकंसं आत सारलं. हनुवटी टेकली, खालचा ओठ बाहेर मुडपला, स्तनाग्राभोवतीचा काळा भाग बराचसा तोंडात गेला आणि ओढण्याची लय बदलली. आधी भराभर, मग संथ, आणि मधूनमधून गिळल्याचा बारीक आवाज. दुखणं थांबलं. "दुखलं तं समज चुकलं," सिस्टर म्हणाली. "मंग करंगयी घालायची तोंडाच्या कोपऱ्यात, सोडवायचं, अन् पुन्हा लावायचं. वढून नाई काढायचं, तुह्याच जिवाले लागते." एवढं बोलून ती पलीकडच्या खाटेकडे गेली. सारा धडा पाच मिनिटांचा. नऊ महिन्यांत मला डोहाळजेवणाच्या साडीचा रंग तीन वेळा विचारला गेला होता. हे पाच मिनिटांचं कोणी बोललं नव्हतं.

घरी आल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. बाळंतिणीला भेटायला येणारी बाई चप्पल काढता काढता जो प्रश्न विचारते, तो वऱ्हाडात ठरलेला आहे : "दूध पुरते ना वं?" नमस्कार नाही, तब्येत कशी नाही. बाळ रडलं, तर "उपाशी हाये." झोपलं, तर "गळून गेलं बिच्चारं." अंगठा चोखला, तर "पाय, पाय, भूक हाये." पाजत असतानाच रडलं, तर सगळ्या एकमेकींकडे पाहतात आणि कोणीच काही बोलत नाही, ते सगळ्यात वाईट.

यातली गंमत अशी, की हा प्रश्नच दुधाच्या आड येतो. दूध तयार करतो प्रोलॅक्टिन, आणि बाळ ओढू लागलं की पान्हा सोडतो ऑक्सिटोसिन. हा दुसरा भलता लाजाळू. वेदना, काळजी, संकोच यांपैकी काहीही दिसलं की तो मागच्या दाराने निघून जातो. म्हणजे आत दूध असतं, बाळ ओढत असतं, सगळं बरोबर चाललेलं असतं, तेवढ्यात पडद्याआडून आवाज येतो, "पुरते ना वं?" आणि झालं, पान्हा अडतो.

दूध पुरतं की नाही हे कळायला साधी खूण आहे, आणि ती आजीला ठाऊक होती. गच्चीवरची दोरी. आजोबांच्या जुन्या धोतरांचे लंगोट, वापरून वापरून मऊ झालेले, ओळीने वाळत घातलेले असत. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त ओले लंगोट निघाले, बाळ आठ-दहा-बारा वेळा पिऊ लागलं, आणि सुरुवातीला थोडं उतरलेलं वजन दोन आठवड्यांच्या आसपास भरून आलं, की दूध पुरतंय. आजी रोज संध्याकाळी जिना उतरताना बुलेटिन द्यायची, "आज सात!" हा आकडा आई फोनवर अकोल्याला कळवायची. अकोल्याहून सासूबाई विचारायच्या, "मोठे का लहान?" मुलाखत संपता संपता माझ्या नवऱ्याचा मेसेज यायचा, की त्याने एक ॲप घेतलं आहे. त्यात डावीकडे किती मिनिटं, उजवीकडे किती मिनिटं, शू, शी, सगळं नोंदवता येतं आणि आलेख निघतो. मी दोन्ही जिल्ह्यांना कळवून टाकलं, की आलेख दोरीवर वाळत घातलेला आहे.

यानंतर खाण्याचा अध्याय. माहेरचे लाडू डिंकाचे, सासरचे मेथीचे. दोन्हींत खारीक, खोबरं, गोडंबी. पैज अशी, की कोणाच्या लाडवाने दूध वाढलं. शिवाय अळिवाची खीर, शेपूची भाजी, शतावरीचा डबा, जेवणानंतर बाळंतशोपा. खरं सांगायचं तर दूध लाडवाने वाढत नाही, बाळ ओढतं म्हणून वाढतं. जेवढं रिकामं होतं तेवढं भरतं. कृषी उत्पन्न बाजार समितीच्या सभापतीलाही जमलं नाही असं मागणी आणि पुरवठ्याचं गणित हे शरीर बिनबोभाट चालवतं. म्हणून लाडू फुकट जातात असं मात्र नाही. पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज ६०० कॅलरी जास्त लागतात, आणि त्या गोडंबीच्या लाडवातून घेण्यात जे सुख आहे ते प्रोटीन पावडरीत नाही. श्रेय कोणाच्या लाडवाला द्यायचं, यावर मी दोन्ही घरांत त्या त्या घराच्या बाजूने साक्ष दिली.

दुःख होतं ते तिखटाचं. ठेचा खाऊन वाढलेल्या बाईला सव्वा महिना बिनफोडणीचं वरण, मऊ भात आणि तुपाची धार. वांगं वातूळ, म्हणून बंद. हरभऱ्याची डाळ बंद. आंबट बंद. राजकमल चौकातून कोणी गिला वडा आणला तर त्याचा वास मला येऊ नये म्हणून दार लोटून घेत. आईने मिरची खाल्ली म्हणून सर्वसाधारण बाळाचं काही बिघडत नाही, उलट दुधाची चव थोडी थोडी बदलत राहते आणि बाळाला घरच्या जेवणाची ओळख होते. वऱ्हाडात जन्मलेल्या पोरीला ही ओळख जितकी लवकर होईल तितकं बरं, असं माझं मत होतं. ते मतच राहिलं.

आणि ऊन! लेक जन्मली तो वैशाख. आमच्याकडे वैशाखात पारा ४५ च्या घरात जातो आणि तिथे बिऱ्हाड करतो. अशात बाळंतिणीच्या कानाला फडकं, अंगात पूर्ण बाह्यांचं झंपर, खाटेखाली ओव्याची धुरी, आणि वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर बंद, कारण "वारं शिरते." घामाने निथळत मी बाळाला छातीशी धरायची, तीही निथळायची, आणि आम्ही दोघी एकमेकींवरून घसरायचो. वरून पाण्याचा वाद. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं उष्ण प्रदेशांनाही लागू आहे, कारण आईच्या दुधात जवळजवळ ८८ टक्के पाणीच असतं. फक्त ऊन जास्त असलं तर बाळ जास्त वेळा पितं, आणि ते पाजायचं. मी हे सासूबाईंना फोनवर सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अवं, आम्ही उन्हाळ्यात चिमण्यांसाठी गच्चीवर पाणी ठेवतो. अन् आमच्या नातीले थेंबभर नाई?" या वाक्यावर मी हसू की रडू हे मला कळेना. संघटनेलाही कळलं नसतं.

रात्री मात्र सल्लागार मंडळ झोपतं आणि दूध जास्त बनतं. हा योगायोग नव्हे, प्रोलॅक्टिनची पातळी रात्री वाढते. निसर्गाने ही योजना आखली तेव्हा आईच्या झोपेचा विचार झालेला दिसत नाही. संध्याकाळी तर बाळं दर अर्ध्या तासाने मागतात. त्या घटकेला अनेक घरांत ठरतं, की दूध आटलं. खरं म्हणजे बाळ पुढची मागणी नोंदवत असतं. तेवढ्यात कोणीतरी दुधाच्या पावडरीचा डबा आणतं. डबा आला की बाळ कमी ओढतं, कमी ओढलं की दूध कमी होतं, आणि मग डबा आणणारीच म्हणते, "पाय, मी म्हटलं नव्हतं?"

या डब्यांविरुद्ध भांडण उभं राहिलं त्यात आपल्या विदर्भाचाही वाटा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. स्तनपानासाठी देशभर काम करणारी बीपीएनआय ही संस्था ३ डिसेंबर १९९१ रोजी वर्ध्यात स्थापन झाली. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, बाळाच्या डब्याच्या दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात करायला बंदी घालणारा कायदा झाला. आईचं दूधच सर्वोत्तम, हे डब्यावर ठळक छापावं लागतं. कायदा चांगला आहे, फक्त त्यात शेजारच्या काकूंचा समावेश नाही. काही बायकांना दूध खरंच कमी येतं, काही बाळं वेळेआधी जन्मतात, काही आया आजारी असतात. तिथे डॉक्टरच्या सल्ल्याने वरचं दूध द्यावं लागतं, आणि त्यात अपराध काही नाही. अशा बाळांसाठीच मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. पण "पोट्टी रडून राह्यली" हे वैद्यकीय कारण नव्हे.

सव्वा महिन्यानंतर घराबाहेरचं जग सुरू होतं. बसस्थानकांवर पाजणाऱ्या आयांसाठी हिरकणी कक्ष असतात, ही फार चांगली सोय आहे. एका ठिकाणी त्या कक्षाला कुलूप होतं आणि किल्ली ज्यांच्याकडे होती ते जेवायला गेले होते. लेकरासाठी रायगडाचा कडा उतरून जाणाऱ्या हिरकणीच्या नावाची ती खोली. तिला निदान किल्ली शोधावी लागली नव्हती. मी ओढणी घेतली, बाकावर बसले आणि पाजलं. शेजारचे आजोबा वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले आणि मी उठेपर्यंत त्यांनी पान उलटलं नाही. एवढी सभ्यता सगळ्यांनी दाखवली तर कक्षाची गरज उरायची नाही.

नोकरी करणाऱ्या बाईला २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, म्हणजे सहा महिन्यांचा हिशेब जुळतो. कापूस वेचणाऱ्या बाईला मात्र २६ दिवसही कोणी देत नाही. ती धुऱ्यावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी बांधते, तासातासाने येऊन पाजते आणि पुन्हा ओळीला लागते. तिला कोणी विचारत नाही पुरतं का म्हणून, आणि विचारलंच तर दुधाचं नव्हे, मजुरीचं विचारायला हवं.

दूध बाईला येतं, पण पाजणं शिकावं लागतं. आईला शिकावं लागतं तसंच बाळालाही, कारण तेही त्या कामावर नवीनच असतं. शिकणाऱ्या दोघांना हवा असतो एक जाणता माणूस, थोडा एकांत आणि भरपूर वेळ. परीक्षक नको असतात. छातीत गाठ लाल होऊन ताप आला, लंगोट कोरडे राहू लागले, बाळ सुस्तावलं, तर वाट न पाहता डॉक्टरकडे जावं. बाकी सारं जमतं, आपोआप नव्हे, पण जमतं.

तेव्हा बाळंतिणीला पाहायला जाल तर एवढं करा. दुधाचं विचारू नका. तिच्या हाताशी पाण्याचा तांब्या भरून ठेवा, दोरीवरचे लंगोट काढून घड्या घाला, बाळाची ढेकर काढायला खांद्यावर घ्या आणि तिला तासभर झोपू द्या. लाडू आणले असतील तर ते बाळंतिणीसाठी आहेत, हे घरच्या पुरुषमंडळींना सांगून ठेवा. आणि वैशाख असेल तर निघताना कूलर चालू करून जा.